घरात कॉम्प्युटर एक आणि बसणारे चार: आपलं फोल्डर खाजगी कसं ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात एकच डेस्कटॉप, त्यावर विंडोज ११ होम. प्रश्न विचारणाऱ्या ताई घरूनच काही दुकानदारांचे हिशेब लिहितात, त्यांचे रिटर्न भरतात. त्याच कॉम्प्युटरवर दहावीतला मुलगा बसतो, यजमान बसतात, सुट्टीत भाचे-पुतणेही बसतात. लॉगिन सगळ्यांचं एकच. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या ॲडव्हान्स्डमध्ये गेलं, तर एन्क्रिप्टची, म्हणजे फाइल परक्याला न वाचता येणारी करण्याची, चौकट पुसट दिसते, तिथे खूण करताच येत नाही. म्हणून फोल्डरला पासवर्ड लावणारं एखादं चांगलं फुकट सॉफ्टवेअर सांगा, आणि कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकायची वेळ आली तर काय करायचं तेही सांगा.

ताई, सॉफ्टवेअरचं नाव पुढे सांगतोच. पण मी बरीच वर्षं घराघरांतले कॉम्प्युटर बसवतो आणि दुरुस्त करतो, त्यावरून आधी एक सांगायला हवं. फोल्डरला पासवर्ड नाही, ही तुमची मुख्य अडचण नाहीच. सगळं घर एकाच लॉगिनमधून आत येतं, ही आहे. विंडोज माणसं ओळखतं ती लॉगिनवरून. तुमचं लॉगिन एकच असेल, तर तुम्ही, यजमान आणि मुलगा हे विंडोजच्या लेखी एकच माणूस. मग स्वतःचंच फोल्डर उघडणाऱ्याला ते पासवर्ड कशाला विचारेल? आणि ती पुसट चौकट म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरचा बिघाड नाही. विंडोजच्या होम आवृत्तीत ती सोय दिलेलीच नाही, ती प्रोमध्ये मिळते. पण तेवढ्यासाठी प्रो विकत घेऊ नका. त्या सोयीतही कुलूप उघडतं ते लॉगिनवरूनच. लॉगिन एकच राहिलं, तर चौकटीत खूण करूनही मुलाला ती फाइल सरळ उघडता येईल.

दुसरी गोष्ट, कोणापासून जपायचं आहे यावर बरंच काही ठरतं, आणि ते तुमचं तुम्हालाच माहीत. मुलाच्या हातून चुकून फाइल उडू नये, एवढंच हवं असेल तर उपाय सोपा आहे. कोणी मुद्दाम डोकावू नये असं वाटत असेल, तर जरा जास्त करावं लागेल. मशीन चोरीला गेलं, दुकानात गेलं किंवा जुनं म्हणून विकलं, तरी आतलं कोणाला दिसू नये असं हवं असेल, तर एन्क्रिप्शनशिवाय गत्यंतर नाही. तुमच्याकडे इतरांचे पॅन, बँकेची स्टेटमेंट, आधारच्या प्रती आहेत. लोकांनी विश्वासाने सोपवलेले कागद आहेत ते. त्यामुळे मी तुम्हाला शेवटच्या गटात धरतो. ज्यांना फक्त घरचे फोटो आणि डायरी जपायची आहे, त्यांनी पुढचा अकाउंटचा भाग केला तरी पुरे.

आधी काय करू नका ते सांगतो, कारण या वाटेला बरेच जण जातात. फोल्डर हिडन करणं हे संरक्षण नाही. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत हिडन आयटम्सवर एक क्लिक केलं की सगळं समोर येतं आणि दहावीतल्या मुलाला ते नक्की माहीत असतं. दुसरा प्रकार व्हिडिओंमधून फिरतो: नोटपॅडमध्ये काही ओळी चिकटवा, फाइल डॉट बॅट म्हणून सेव्ह करा, डबल क्लिक केलं की फोल्डर 'लॉक'. त्या फाइलवर राइट क्लिक करून एडिट म्हणा. तुम्ही ठेवलेला पासवर्ड त्या ओळींमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेला दिसेल. फोल्डर लॉक झालेलंच नसतं, नुसतं लपवलेलं असतं. तिसरा प्रकार म्हणजे फोल्डर लॉक करणारी छोटी फुकट सॉफ्टवेअरं. त्यातली बरीचशी फाइलला हातच लावत नाहीत, विंडोज चालू असताना फक्त दारावर उभी राहतात. विंडोजऐवजी लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टिमच्या पेनड्राइव्हवरून तेच मशीन सुरू केलं की दारावर कोणी नसतं, फाइली उघड्या पडलेल्या असतात. उलटा धोका आणखी वाईट. विंडोजला फॉरमॅट मारला किंवा ते सॉफ्टवेअर बंद पडलं, की मालकालाच आपलं फोल्डर सापडत नाही. अशी रडकुंडीला आलेली माणसं माझ्याकडे येतात. म्हणून मी ही सॉफ्टवेअरं कोणालाही सुचवत नाही.

आता करायचं काय. प्रत्येकाला वेगळं अकाउंट. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे अदर युजर्स, आणि ॲड अकाउंट. ईमेल विचारलं तर त्या माणसाची माहिती नाही असा पर्याय घ्या, पुढे मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडता येतो. अकाउंट दोन प्रकारचं असतं, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे सगळे अधिकार असलेलं, आणि स्टँडर्ड म्हणजे रोजच्या वापरापुरतं. खरी ग्यानबाची मेख इथे आहे. वेगळी अकाउंट केली आणि सगळ्यांना ॲडमिन ठेवलं, तर सगळं मुसळ केरात. ॲडमिन असलेल्या माणसाने दुसऱ्याचं फोल्डर उघडायला घेतलं, की विंडोज म्हणतं तुम्हाला परवानगी नाही, आणि त्याच खिडकीत खाली कंटिन्यूचं बटण देतं. ते दाबलं की परवानगी मिळते, तीही कायमची. स्टँडर्ड अकाउंटवाल्याने तेच बटण दाबलं, तर त्याच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो.

माझी पद्धत अशी. एक नवं अकाउंट फक्त ॲडमिनसाठी करायचं. त्यावर रोजचं काम करायचं नाही, आणि त्याचा पासवर्ड तुमच्याकडे. एक स्टँडर्ड अकाउंट तुमचं, कामाचं. आता सगळे वापरतात ते जुनं अकाउंट घरच्यांसाठी राहू द्यायचं, पण ते स्टँडर्ड करायचं. क्रम मात्र चुकवू नका. नव्या ॲडमिन अकाउंटने आत जाऊन बघा, पासवर्ड नीट चालतो ना याची खात्री करा, आणि मगच जुन्याचे अधिकार काढा. घाईत उलटं केलं तर घरात ॲडमिनच उरणार नाही.

यात रोजचा एक त्रास आहे, तो आधीच सांगून ठेवतो. मुलाला नवा गेम टाकायचा असेल तर तो तुम्हाला हाक मारेल, कारण पासवर्ड तुमच्याकडे. दोन-तीनदा स्वयंपाकघरातून उठून यावं लागलं की 'घे बाबा, हा घे पासवर्ड' असं म्हणावंसं वाटतं. तसं म्हणू नका. ॲडमिनचा पासवर्ड हाती असलेला माणूस तुमच्या फाइली बघू शकतो, एवढंच नाही. गेमबरोबर आलेलं, कीबोर्डवर टाइप झालेलं सगळं टिपणारं एखादं सॉफ्टवेअरही त्याच अधिकाराने आत शिरतं, आणि ते मुलाला कळणारही नाही. मुलावर अविश्वास म्हणून मी हे सांगत नाही. फुकट गेमच्या साइटवरून काय काय उतरतं ते मी रोज बघतो.

यानंतर सगळ्यात जास्त फसायला होतं ते डी ड्राइव्हमुळे. आपल्याकडे असेंबल्ड कॉम्प्युटर बसवणारे हार्ड डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडून देतात आणि 'महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवा, फॉरमॅट मारला तरी जात नाही' असं सांगतात. त्यांचं म्हणणं फॉरमॅटपुरतं बरोबर आहे. पण वेगळ्या अकाउंटची भिंत विंडोज आपोआप घालतं ती फक्त सी ड्राइव्हमधल्या युजर्स फोल्डरात, म्हणजे तुमचं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स यांना. डी ड्राइव्हवर तुम्ही केलेलं फोल्डर त्या कॉम्प्युटरवर लॉगिन करणाऱ्या कोणालाही उघडता येतं, बदलता येतं, पुसताही येतं. सुरुवातीची परवानगीच तशी असते. तेव्हा कामाच्या फाइली तुमच्या नव्या अकाउंटच्या डॉक्युमेंट्समध्ये हव्यात. फॉरमॅटची काळजी असेल तर त्यावर उपाय बॅकअप. डी ड्राइव्ह हा बॅकअप नव्हे, कारण डिस्क गेली की सी आणि डी दोन्ही एकदमच जातात.

फाइली हलवताना कट-पेस्ट न करता कॉपी करा. एकाच ड्राइव्हच्या आत फाइल नुसती हलवली तर कधीकधी तिच्या जुन्या परवानग्या तिच्यासोबत जातात. कॉपी केलेली फाइल मात्र नव्या जागेच्या परवानग्या घेते. जुन्या अकाउंटमधून फाइली पेनड्राइव्हवर घ्या, तुमच्या अकाउंटमध्ये जाऊन डॉक्युमेंट्समध्ये कॉपी करा, दोन-चार फाइली उघडून बघा, आणि मग जुन्या जागेवरच्या पुसा. पुसल्यावर जुन्या अकाउंटचं रिसायकल बिनही रिकामं करायचं, ते प्रत्येक अकाउंटचं वेगळं असतं. जुन्या अकाउंटला वनड्राइव्ह जोडलेलं असेल तर डॉक्युमेंट्स तिकडेही गेलेली असू शकतात, तेही तपासा. आणि त्या पेनड्राइव्हवरच्या प्रती पुसायला विसरू नका, नाहीतर तोच पेनड्राइव्ह उद्या मुलाच्या प्रोजेक्टची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात जायचा.

इथपर्यंत आलात की घरातल्या घरात पुष्कळसं काम झालं. उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबून स्क्रीन लॉक करायची सवय तेवढी लावून घ्या. पण अकाउंटची ही भिंत विंडोज चालू आहे तोवरच उभी असते. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, किंवा मघाशी सांगितलं तसं लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला, की ती उरत नाही. दुसऱ्यांचे कागद सांभाळणाऱ्याने इथे थांबू नये.

पुढच्या पायरीसाठी मी व्हेराक्रिप्ट वापरतो. फुकट आहे आणि त्याचा कोड कोणालाही तपासता येतो. ट्रूक्रिप्ट नावाचं जुनं सॉफ्टवेअर २०१४ साली त्याच्या कर्त्यांनी बंद केलं. त्याच्याच कोडवरून हे पुढे आलं आहे. काम असं चालतं: तुम्ही एक मोठी फाइल तयार करता, समजा ५ जीबीची. तिला कंटेनर म्हणतात. व्हेराक्रिप्टमध्ये ती फाइल निवडून एक ड्राइव्हचं अक्षर द्यायचं, माउंट म्हणायचं आणि पासवर्ड टाकायचा, की माय कॉम्प्युटरमध्ये पेनड्राइव्ह लावल्यासारखा एक नवा ड्राइव्ह दिसतो. त्यात टॅली, एक्सेल, पीडीएफ जे हवं ते ठेवा, तिथेच काम करा. काम संपलं की डिसमाउंट, नव्या आवृत्तीत अनमाउंट, आणि ड्राइव्ह गायब. उरते ती फक्त न वाचता येणारी ५ जीबीची फाइल. कोणी डिस्क काढून नेली तरी पासवर्डशिवाय त्यातलं एक अक्षरही हाती लागत नाही.

याच्या बारीक गोष्टी माहीत नसल्या की लोक अडकतात. माउंट केलेला ड्राइव्ह त्या वेळी कॉम्प्युटरवर लॉगिन असलेल्या सगळ्या अकाउंटना दिसतो. म्हणजे तुम्ही तो उघडा ठेवून मुलाला 'स्विच युजर' करून पाच मिनिटं बसू दिलंत, तर त्याच्या अकाउंटमध्येही तो ड्राइव्ह उघडाच असतो. उठताना आधी अनमाउंट, मग लॉक. सेटिंगमध्ये ठरावीक वेळ वापर नसेल तर आपोआप बंद व्हायची सोय आहे, ती चालू करून ठेवा. दुसरं, एन्क्रिप्शनमुळे फाइल वाचता येत नाही, पण पुसता येते. नाव विचित्र आणि आकार ५ जीबी असलेली फाइल डी ड्राइव्हवर दिसली, तर गेमसाठी जागा करताना मुलगा ती पहिली उडवेल. म्हणून कंटेनरही तुमच्या डॉक्युमेंट्समध्येच. तिसरं, आतल्या फाइली बदलल्या तरी व्हेराक्रिप्ट कंटेनरची बाहेरची तारीख मूळ सेटिंगमध्ये बदलत नाही. तारीख बघून बॅकअप घेणाऱ्या सॉफ्टवेअरला वाटतं काहीच बदललं नाही, आणि ते फाइल सोडून देतं. प्रेफरन्सेसमध्ये तारीख जपण्याच्या त्या पर्यायावरची खूण काढा, किंवा दर आठवड्याला कंटेनर बंद करून स्वतः कॉपी करा. आणि ज्या पेनड्राइव्हवर कॉपी करायची तो फॅट ३२ प्रकारचा असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तो घेणारच नाही. आधी त्यावरचं सगळं दुसरीकडे काढून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

पासवर्डबद्दल मी जरा जास्त आग्रही आहे, कारण व्हेराक्रिप्टमध्ये 'पासवर्ड विसरलात का' अशी लिंक नाही. विसरलात तर ती फाइल मलाही उघडता येणार नाही आणि दुसऱ्या कोणालाही नाही. पासवर्ड वीस अक्षरांपेक्षा लहान असेल तर ते स्वतःच इशारा देतं. मुलाचं नाव आणि जन्मसाल घरात कोणीही ओळखेल. नेहमीच्या अभंगाची किंवा आरतीची ओळही नको. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या: कढीपत्ता, मालट्रक, छत्री, बुधवार अशा जातीचे. ते रोमन लिपीत टाइप करा, कारण दुसऱ्या मशीनवर मराठी कीबोर्ड असेलच असं नाही. आणि हा पासवर्ड कागदावर लिहा. हो, लिहाच. बंद पाकिटात घालून घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर कपाटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, आणि पाकीट कुठे आहे ते यजमानांना सांगून ठेवा. उद्या तुम्ही दवाखान्यात असाल आणि रिटर्नची शेवटची तारीख असेल, तर तुमच्या पक्षकारांचे कागद कोणालातरी काढता आले पाहिजेत.

पूर्ण डिस्कच्या एन्क्रिप्शनबद्दलही सांगतो, कारण ते तुमच्याकडे नकळत चालू असू शकतं. विंडोज ११ होममध्ये बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं डिस्क एन्क्रिप्शन, पूर्णपणे मिळत नाही, पण मशीन त्या लायकीचं असेल आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल, तर डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाची सोय मिळते. सेटिंग्जच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये बघा. चोरी किंवा विक्रीच्या दृष्टीने ती उत्तम. पण तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा असते, आणि ते अकाउंट बऱ्याचदा कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानातल्या मुलाने घाईत स्वतःच्या ईमेलवर काढून दिलेलं असतं. एखाद्या दिवशी बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला की निळ्या पडद्यावर ती की मागितली जाते आणि घरात कोणाकडेच ती नसते. आजच बघा, तुमचं मशीन कोणाच्या ईमेलवर आहे. परक्याचं निघालं तर आधी बॅकअप घ्या आणि एन्क्रिप्शन बंद करा, मग तुमच्या ईमेलचं अकाउंट जोडून पुन्हा चालू करा आणि की कागदावर उतरवून त्याच पाकिटात ठेवा.

पक्षकाराला एखादी फाइल मेलने पाठवायची असेल तर सेव्हन-झिप पुरेसं आहे. सेव्हन-झेड प्रकार निवडा, पासवर्ड द्या, आणि फाइलींची नावंही एन्क्रिप्ट करण्याच्या चौकटीत खूण करा, नाहीतर आतल्या फाइलींची यादी कोणालाही वाचता येते. पासवर्ड त्याच मेलमध्ये न लिहिता फोनवर सांगा. रोजच्या कामाला मात्र हे वापरू नका. आतली फाइल उघडली की तिची उघडी प्रत तात्पुरत्या फाइलींच्या टेम्प फोल्डरात पडते आणि कधीकधी तिथेच राहून जाते.

पीडीएफला आधीच पासवर्ड असतो, या भरवशावरही राहू नका. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. आयकर खात्याकडून येणाऱ्या बऱ्याच फाइलींना पॅन आणि जन्मतारीख लागते. ज्या फोल्डरात पॅनकार्डाचा फोटो त्याच फोल्डरात ही पीडीएफ, असं असलं तर पासवर्ड आणि फाइल शेजारी शेजारीच पडलेले असतात.

फोल्डर जपलं तरी कागद बाहेर सांडतात त्या जागाही बघून घ्या. डाउनलोड्स फोल्डर, व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फाइली, वर्ड-एक्सेलमधली अलीकडच्या फाइलींची यादी, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड. वेगळं अकाउंट केल्यावर यातलं बहुतेक सगळं आपोआप वेगळं होतं. पण जुन्या सामाईक अकाउंटमध्ये तुमचं व्हॉट्सॲप वेब किंवा जीमेल अजून उघडं असेल. फोनवर लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन ते काढा, आणि त्या ब्राउझरमधले तुमचे पासवर्ड पुसा. क्रोममध्ये नुसतं वेगळं प्रोफाइल केलं म्हणजे झालं असं समजू नका. त्याला कुलूप नसतं, कोणीही चित्रावर क्लिक करून आत जातं.

आता दुरुस्तीचं. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, 'पासवर्ड काय?' प्रत्येक वेळी तो द्यायची गरज नसते. पॉवर सप्लाय, रॅम, पंखा, डिस्प्ले असल्या दुरुस्तीला विंडोजमध्ये शिरावं लागत नाही. आम्ही आमच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून तपासतो. विंडोजमध्ये जायलाच हवं असेल, तर मशीन चालू आहे तोवर 'दुरुस्ती' नावाचं एक स्टँडर्ड अकाउंट करून तेवढ्याचा पासवर्ड द्या. ॲडमिन लागलाच तर शक्यतो घरी बोलवा आणि पासवर्ड स्वतः टाइप करा. व्हेराक्रिप्टचा कंटेनर बंद असेल तर हे सगळं सांभाळून करायलाही फार जड जात नाही, कारण ॲडमिन असला तरी त्याला बंद कंटेनर वाचता येत नाही. त्याआधी बॅकअप मात्र घेतलेला हवा. जुनी डिस्क बदलून नवी एसएसडी टाकली तर जुनी डिस्क मागून घ्या, ती तुमची आहे. त्या डिस्कवर जुन्या, एन्क्रिप्ट न केलेल्या फाइली कधीकाळी होत्या, आणि डिलीट केलेल्या फाइली साध्या हार्ड डिस्कवरून बऱ्याचदा परत काढता येतात. ती भंगारात देऊ नका. कपाटात ठेवा, किंवा आतल्या चकत्यांना भोकं पाडून मगच टाका.